तुरुंगात भेटायला आलेले सर: हार्वर्ड लॉ स्कूल आणि त्याचे पूर्व आशियाई विद्यार्थी

पुण्यातल्या एका विधी महाविद्यालयाच्या परदेशी विद्यार्थी कक्षात मी काम करते. आमच्याकडे परदेशी माजी विद्यार्थ्यांची एक नोंदवही आहे. नाव, देश, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, मोबाइल नंबर, ईमेल असे तिचे रकाने. २०२१च्या ऑगस्टमध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं, तेव्हा ती वही पुढ्यात घेऊन मी आमच्या अफगाण विद्यार्थ्यांना फोन लावायला बसले. पहिल्या पानावर अकरा नंबर होते. दहा बंद. अकरावा लागला, तो हडपसरच्या एका रिक्षावाल्या दादांनी उचलला. ते सिम त्यांना दोन वर्षांपूर्वी दुकानातून मिळालं होतं.

कारण साधं होतं. वहीतले सगळे नंबर भारतातले होते. मुलं पुण्यात उतरली की आधी सिमकार्ड घेतात, एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या, नोंदणीला तो नंबर देतात, मग कॉलेजच्या प्रत्येक फॉर्मवर तोच लिहितात. देश सोडला की महिना-दोन महिन्यांत तो बंद पडतो. ईमेल कॉलेजने दिलेले, तेही निकालानंतर बंद. इतकी वर्षं आम्ही वही व्यवस्थित भरत होतो आणि वार्षिक अहवालात ‘इतक्या देशांतले इतके माजी विद्यार्थी’ असा आकडा छापत होतो. गरजेच्या दिवशी त्यातला एकही माणूस आम्हाला सापडला नाही.

त्यानंतर मी कायद्याच्या शाळा परदेशी विद्यार्थ्यांशी कशा जोडलेल्या राहतात, याबद्दल मिळेल ते वाचत गेले. बहुतेक ठिकाणी संमेलनं, वार्तापत्रं आणि देणग्यांची आवाहनं एवढंच हाती लागलं. एक प्रकरण मात्र वेगळं निघालं. ते हार्वर्ड लॉ स्कूलचं, तिथल्या पूर्व आशियाई कायदा अभ्यासाच्या उपक्रमाचं. त्याचा सगळा पट इथे मांडते, कारण आपल्याकडच्या कॉलेजांना त्यातून घेण्यासारखं बरंच आहे आणि सावध होण्यासारखंही आहे.

माणूस मिळेना, तेव्हा

अमेरिकेतल्या कायद्याच्या शाळांत दोन प्रकारची मुलं शेजारीशेजारी बसतात. अमेरिकन मुलं तीन वर्षांच्या पदवीला असतात. परदेशी मुलं बहुतांशी एलएल.एम. या पदव्युत्तर पदवीला, म्हणजे शरद ऋतूत येऊन पुढच्या मे महिन्यात परत. जेमतेम नऊ महिने. तीन वर्षांचा वर्ग एकजीव होतो, दर पाच वर्षांनी त्याचं संमेलन भरतं, मैत्र्या टिकतात. नऊ महिनेवाल्यांचा पहिला महिना घर आणि बँक खातं यांत जातो, शेवटचा परीक्षा आणि सामानात. मधल्या काळात इंग्रजीत पानंच्या पानं वाचायची असतात. जवळीक व्हायला वेळ उरतोच किती? परदेशी माजी विद्यार्थ्यांचा प्रश्न मुळात इथून सुरू होतो.

जेरोम कोहेन यांचा या प्रश्नाशी सुरुवातीला काही संबंध नव्हता. न्यू जर्सीत १९३०मध्ये जन्मलेला, येलमध्ये कायदा शिकलेला आणि अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात अर्ल वॉरन आणि फेलिक्स फ्रँकफर्टर अशा दोन न्यायमूर्तींकडे विधी साहाय्यक म्हणून काम केलेला हा तरुण. अशा माणसाची वाट ठरलेली असते. १९५९मध्ये ते बर्कलीला शिकवायला लागले. त्याच सुमारास रॉकफेलर फाउंडेशनने चीनच्या कायद्याचा अभ्यास करणाऱ्या एखाद्या प्राध्यापकासाठी पैसे देऊ केले आणि माणूस मिळेना. कोण जाणार? चीनशी अमेरिकेचे राजनैतिक संबंध नव्हते, तिथे जाता येत नव्हतं, आणि माओच्या चीनमध्ये कायदा असा काही आहे की नाही यावरच लोकांना शंका होती. माणूस शोधण्याच्या कामात कोहेनही होते. इतरांना पटवता पटवता त्यांनी स्वतःलाच पटवलं आणि १९६०मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, ते चिनी भाषेची मुळाक्षरं गिरवायला बसले.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मला हाच वाटतो. पुढचं सगळं यातून निघालं. परदेशी विद्यार्थ्यांचा समुदाय उभारायचा म्हटलं की आपण विद्यार्थ्याने आपली भाषा किती शिकावी याचा विचार करतो. प्रवेशाच्या अटींत तेवढंच लिहिलेलं असतं. इथे शिक्षकाने आधी विद्यार्थ्याची भाषा शिकायला घेतली.

१९६३-६४ हे वर्ष त्यांनी हाँगकाँगमध्ये काढलं. चीनमध्ये जाता येत नाही, तर चीनमधून बाहेर पडलेल्यांना भेटायचं, असा बेत. मुख्य भूमीवरून आलेल्या निर्वासितांना ते एकेक करून भेटले, त्यात पूर्वी पोलिसात असलेलेही होते. अटक कशी होते, चौकशी कुठे होते, शिक्षा कोण ठरवतो, हे त्यांनी या माणसांकडून समजून घेतलं. चीनच्या फौजदारी प्रक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ १९६८मध्ये प्रसिद्ध झाला, तो या बैठकांच्या पायावर उभा होता. ज्या देशाचा अभ्यास करायचा, तिथल्या साध्या माणसाला जाणकार मानून त्याच्यासमोर बसायची सवय त्यांना इथे लागली. पुढे विद्यार्थ्यांशी वागतानाही ती दिसते.

खोली एक, मतं अनेक

१९६५मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये पूर्व आशियाई कायदा अभ्यासाचा उपक्रम सुरू झाला आणि कोहेन त्याचे पहिले संचालक झाले. चीन, जपान, कोरिया, व्हिएतनाम यांच्या कायद्याचं अध्यापन, त्यासाठी पुस्तकं आणि तिकडून येणारे अभ्यासक, असा त्याचा आवाका. अमेरिकन विद्यार्थी चिनी-जपानी शिकून तिथे येत. तैपेई, टोकियो, सोलहून आलेले वकील आणि प्राध्यापकही तिथेच असत. एलएल.एम.च्या परदेशी मुलांची वेगळी रांग आणि अमेरिकन मुलांची वेगळी, असं या खोलीत होत नव्हतं. चर्चा तैवानच्या कायद्याची असेल, तर जाणकार तैवानची विद्यार्थिनी असते आणि अमेरिकन मुलगा तिला विचारत असतो. नऊ महिन्यांचा पाहुणा इथे वर्गाला काहीतरी देऊन जातो. ज्याने दिलं, तो आयुष्यभर आठवण ठेवतो. हे मी आमच्याकडेही पाहिलं आहे. मॉरिशसच्या एका मुलाने फ्रेंच दिवाणी कायदा आणि इंग्लिश कायदा त्याच्या देशात एकत्र कसे नांदतात हे वर्गात तासभर समजावलं होतं. इतक्या वर्षांनी आजही तो दर दिवाळीला न चुकता फोन करतो. आमच्या पदवीदान समारंभाला तो आलाच नव्हता.

त्या सुरुवातीच्या वर्षांतलं एक नातं इथे थांबून पाहायला हवं. च्यु हुंग-दा तैवानहून हार्वर्डला आले, १९६५मध्ये त्यांनी एस.जे.डी. ही संशोधन पदवी मिळवली आणि ते कोहेन यांच्यासोबत काम करू लागले. दोघांची राजकीय मतं जुळणारी नव्हती. अमेरिकेने पेकिंगशी (म्हणजे आजच्या बीजिंगशी, तिथल्या साम्यवादी सरकारशी) बोलणी सुरू करावीत यासाठी कोहेन उघड प्रयत्न करत होते. १९६८च्या शेवटी हार्वर्ड आणि एमआयटीच्या ज्या अभ्यासकांनी राष्ट्राध्यक्षपदी नुकत्याच निवडून आलेल्या निक्सन यांना तसं निवेदन दिलं, त्या गटाचे ते अध्यक्ष होते. च्यु तैवानच्या सरकारच्या बाजूचे, त्या सरकारचं आंतरराष्ट्रीय स्थान कायद्याने मांडणारे. तरीही दोघांनी मिळून साम्यवादी चीन आणि आंतरराष्ट्रीय कायदा या विषयावर दोन खंडांचा दस्तऐवजी ग्रंथ सिद्ध केला, तो १९७४मध्ये निघाला. च्यु नंतर मेरीलँड विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये गेले आणि तिथेही त्यांनी असाच उपक्रम उभारला. हार्वर्डचाच एक विद्यार्थी, मा यिंग-जोउ, काही काळ तिथे त्यांच्या हाताखाली काम करून गेला. रँडल एडवर्ड्स यांनी १९८३मध्ये कोलंबियात चिनी कायद्याचं केंद्र सुरू केलं, तेही याच मुशीतले. रोपवाटिकेतून रोपं जावीत तशी ही माणसं दुसऱ्या शाळांत गेली. हार्वर्डने ती आपलीच म्हणून धरून ठेवली नाहीत, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्याकडे एखादा प्राध्यापक दुसऱ्या विद्यापीठात गेला, तर त्याचं नाव माजी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमातूनही वगळलं जातं.

फोन

१९७३च्या ८ ऑगस्टला टोकियोतल्या एका हॉटेलातून दक्षिण कोरियाचे विरोधी पक्षनेते किम दे-जुंग यांना त्यांच्याच देशाच्या गुप्तचरांनी पळवलं. त्यांना बोटीवर नेलं आणि समुद्रात फेकून द्यायची तयारी झाली होती. कोहेन किम यांना ओळखत होते. बातमी कळताच त्यांनी वॉशिंग्टनला हेन्री किसिंजर यांना, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांना, फोन लावला. किसिंजर हार्वर्डमधले त्यांचे जुने सहकारी होते. किम यांना वाचवण्यासाठी त्या दिवसांत अनेकांनी धावपळ केली. सोलमधले अमेरिकी राजदूत फिलिप हबीब यांनी तिथल्या सरकारवर दबाव आणला. पाच दिवसांनी किम सोलमध्ये स्वतःच्या घराजवळ जिवंत सापडले. पुढे १९९८मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि २०००मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

किम हे काही लॉ स्कूलचे विद्यार्थी नव्हते. पण परदेशी अभ्यासक आणि कार्यकर्त्यांशी ओळख ठेवणं म्हणजे काय, याचा अर्थ त्या फोनने बदलला. मराठीत आपण ‘शब्द टाकणं’ म्हणतो. ज्याचा शब्द जिथे चालतो, त्याने तो तिथे टाकायचा. नामांकित शाळेजवळ पैसा असतो, इमारती असतात, त्यासोबत असा चालणारा शब्दही असतो. तो आपल्या माणसासाठी वापरायचा की जपून ठेवायचा, हा निर्णय दर वेळी नव्याने घ्यावा लागतो.

तैपेई, १९८५

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे.

लू श्यू-लिएन, ॲनेट लू या नावाने जगाला माहीत असलेल्या, तैवानमध्ये १९४४ साली जन्मल्या. स्त्रीमुक्तीची मांडणी करणाऱ्या तिथल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. १९७८मध्ये हार्वर्डची एलएल.एम. करून त्या मायदेशी परतल्या. तिथे मार्शल लॉ होता, १९४९पासून. अमेरिकेतच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. १० डिसेंबर १९७९ रोजी, मानवी हक्क दिनी, काओश्युंग शहरातल्या सभेत त्या सुमारे वीस मिनिटं बोलल्या. काही दिवसांत त्यांना अटक झाली आणि १९८०मध्ये लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा दिली. तुरुंगात त्यांनी टॉयलेट पेपरवर कादंबरी लिहिली. त्यांना त्याआधी थायरॉइडचा कर्करोग होऊन गेला होता, आणि तुरुंगात तब्येत ढासळत गेली.

त्याच लॉ स्कूलचे दुसरे विद्यार्थी मा यिंग-जोउ १९८१मध्ये एस.जे.डी. घेऊन तैवानला परतले आणि थेट सत्तेच्या दारात पोहोचले. राष्ट्राध्यक्ष च्यांग चिंग-क्वो यांचे ते इंग्रजी दुभाषे झाले. एकीला ज्या राजवटीने तुरुंगात टाकलं, त्या राजवटीच्या प्रमुखाशेजारी दुसरा बसत होता. एक शाळा, तेच शिक्षक, वर्षांचंही फार अंतर नाही.

१९८५मध्ये कोहेन तैवानला गेले आणि आपल्या विद्यार्थिनीला भेटायची परवानगी त्यांनी मागितली. ती भेट झाली, आणि भेटीच्या वेळी त्यांच्यासोबत होते मा यिंग-जोउ. थोड्याच दिवसांत, मार्च १९८५मध्ये, वैद्यकीय कारणावरून लू यांची सुटका झाली. पाच वर्षांहून अधिक काळ त्या आत होत्या.

या खोलीचं चित्र मी अनेकदा डोळ्यांसमोर आणलं आहे. समोर राजकैदी विद्यार्थिनी, बाजूला सरकारी माणूस झालेला विद्यार्थी, आणि मध्ये दोघांचे सर. सुटका नेमकी कशामुळे झाली हे एका भेटीवरून ठरवता येत नाही. बाहेर ॲम्नेस्टीसारख्या संघटना लू यांच्यासाठी आवाज उठवत होत्या, तैवानच्या सरकारला अमेरिकेच्या मताची फिकीर होती, तब्येतीचं कारण खरं होतं. मला यात वेगळी गोष्ट दिसते. गुरुबंधू हा शब्द आपल्याकडे आहे. एका गुरूकडे शिकलेल्यांचं आपसांत नातं लागतं, ते एकमेकांना आवडोत न आवडोत. त्या दिवशी लॉ स्कूलचं ते नातं खोलीत हजर होतं. मा यांनी आपली राजकीय निष्ठा सोडली नाही, लू यांनी आपला लढा सोडला नाही. तरीही सरांची विनंती ज्याच्या हातून जाऊ शकते असा माणूस पलीकडच्या बाजूला होता, आणि तो सोबत आला.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. २०००मध्ये लू तैवानच्या उपराष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २००८पर्यंत त्या पदावर राहिल्या. त्यांची मुदत संपली तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी आले मा यिंग-जोउ. पक्ष विरुद्ध, विचार विरुद्ध.

माजी विद्यार्थी संघ एकमताच्या लोकांचाच असावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट पाहावं. आमच्याकडे एका वर्षी दोन शेजारी देशांतल्या मुलांचं भांडण झालं, तेव्हा वरून सूचना आली की यापुढे त्यांचे कार्यक्रम वेगवेगळे घ्या. मी तेव्हा गप्प बसले. आज बसणार नाही.

यादीचा धोका

या कथेची एक काळी बाजू आहे. तीही सांगायलाच हवी, कारण परदेशी विद्यार्थ्यांचा समुदाय बांधणाऱ्याच्या ती सहसा ध्यानात येत नाही.

मार्शल लॉच्या काळात तैवानच्या राजवटीचे कान अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या आवारापर्यंत पोहोचलेले होते. कोणता विद्यार्थी कुठल्या सभेला गेला, काय बोलला, याच्या खबरा मायदेशी जात. चेन वेन-चेन हे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शिकवणारे तरुण संख्याशास्त्रज्ञ. १९८१च्या उन्हाळ्यात कुटुंबासह घरी, तैवानला गेले. अमेरिकेतल्या हालचालींबद्दल सुरक्षा यंत्रणेने त्यांना चौकशीला नेलं आणि ३ जुलैला राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या आवारात त्यांचा मृतदेह सापडला.

म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचा फोटो, उपस्थितांची यादी, एखाद्या चर्चासत्रात त्याने काय मांडलं याचा वृत्तांत, यातली कुठलीही गोष्ट त्याच्या जिवावर बेतू शकते. २०२१च्या त्या ऑगस्टमध्ये मी फोन लावत असताना आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा निरोप तिसऱ्याच कुणामार्फत आला: कॉलेजच्या पानावरून माझा फोटो काढा, आजच काढा. दोन वर्षांपूर्वी मूट कोर्टमध्ये, म्हणजे सरावाच्या खटल्याच्या स्पर्धेत, बक्षीस घेतानाचा तो फोटो आम्ही मोठ्या कौतुकाने लावला होता. खाली तिचं पूर्ण नाव आणि गाव. तो उतरवायला आम्हाला चार दिवस लागले, कारण पासवर्ड ज्यांच्याकडे होता ते रजेवर होते. ते चार दिवस मी विसरू शकत नाही.

सर गेले, मग?

१९७९मध्ये अमेरिका-चीन राजनैतिक संबंध सुरू झाले, कोहेन पेकिंगला गेले, आणि १९८१मध्ये हार्वर्ड सोडून ते पूर्ण वेळ वकिलीत उतरले. कुठलाही असा उपक्रम इथे मोडण्याचा संभव असतो. एका माणसाच्या ओळखी, त्याची भाषा, त्याचा फोन, यावर सगळं चाललेलं असतं. तो उठून गेला की मागे फायली राहतात.

हार्वर्डमध्ये तसं झालं नाही, याची कारणं भावनिक नाहीत. ग्रंथसंग्रह होता. उपक्रमाला स्वतःचं नाव आणि जागा होती. आणि मुख्य म्हणजे, त्याच शाळेतून शिकून गेलेला माणूस पुढे तो सांभाळायला आला. विल्यम ॲलफर्ड १९७७चे हार्वर्डचे विधी पदवीधर. लॉस एंजेलिसला काही वर्षं शिकवून १९९०मध्ये ते हार्वर्डला परतले, पूर्व आशियाई उपक्रमाचे संचालक झाले आणि पुढे परदेशी विद्यार्थ्यांच्या संपूर्ण पदव्युत्तर विभागाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. आता तिथे दर वर्षी एलएल.एम.ला सुमारे १८० जण असतात, साठाहून अधिक देशांतले. आपल्याकडचे धनंजय चंद्रचूड याच वाटेने गेले, १९८३मध्ये एलएल.एम. आणि १९८६मध्ये एस.जे.डी.; पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. रोहिंटन नरीमन १९८१चे. आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झालेल्या मेरी रॉबिन्सन त्याही आधीच्या, १९६८च्या.

कोहेन १९९०पासून न्यू यॉर्क विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये शिकवू लागले, आणि तिथे या कथेचा शेवटचा, अवघड भाग घडला.

पाहुणा किती दिवसांचा

चेन गुआंगचेंग शांतुंग प्रांतातल्या तुंगशिकू गावचे. लहानपणापासून अंध. कायदा स्वतःच शिकले, पत्नी वाचून दाखवायची आणि ते लक्षात ठेवायचे. २००३मध्ये ते अमेरिकेला भेटीवर आले असताना कोहेन यांची ओळख झाली, आणि त्याच वर्षी कोहेन त्यांच्या गावी जाऊन आले. त्यांनी चेन यांना कायद्याची पुस्तकं दिली. सत्तरी ओलांडलेला प्राध्यापक पदवी नसलेल्या एका खेडुताकडे सहकारी म्हणून जातो, हे मला हाँगकाँगच्या त्या बैठकांचंच पुढचं पान वाटतं.

सक्तीच्या गर्भपातांविरुद्ध उभे राहिल्याबद्दल चेन यांनी चार वर्षांहून अधिक तुरुंगवास भोगला, मग घरातच स्थानबद्धता. २२ एप्रिल २०१२च्या रात्री ते भिंत ओलांडून निसटले, पाय मोडला, तरी पेकिंगच्या अमेरिकी दूतावासात पोहोचले. दोन महासत्तांमध्ये पेच उभा राहिला. आश्रय म्हटलं तर चीनची नाचक्की, परत पाठवलं तर अमेरिकेची. त्या पेचातून वाट निघाली ती शिक्षणाची: न्यू यॉर्क विद्यापीठाचं निमंत्रण, अभ्यासासाठी परदेशी जाण्याचा अर्ज, पारपत्र. दूतावासातल्या चेन यांच्याशी कोहेन फोनवर बोलत होते. १९ मे रोजी चेन कुटुंबासह अमेरिकेत उतरले. अभ्यागत अभ्यासक हे पद, जे आपण एरवी ग्रंथालयाच्या ओळखपत्रापुरतं समजतो, त्याने एका माणसाला देशाबाहेर काढलं.

वर्षभराने मात्र कटुता आली. जून २०१३मध्ये चेन यांनी जाहीर आरोप केला की चीनच्या दबावामुळे विद्यापीठ आपल्याला बाहेर काढत आहे. विद्यापीठाचा शांघायमधला परिसर त्याच वर्षी सुरू होत होता. विद्यापीठाने आरोप नाकारला. निमंत्रण पहिल्यापासून एका वर्षाचंच होतं, असं त्यांचं म्हणणं. कोहेन यांनीही दबावाची गोष्ट मान्य केली नाही. चेन दुसऱ्या संस्थांकडे गेले.

कोण खरं यात मी पडत नाही. पण दोन गोष्टी मला टोचतात. संकटात बोलावलेल्या माणसाला एक वर्ष म्हणजे काय, हे पहिल्या दिवशी त्याच्या भाषेत, लेखी आणि पुन्हा पुन्हा सांगायला हवं. पुढच्या वर्षाची सोय तेव्हाच शोधायला लागायला हवं. आणि ज्या विद्यापीठाचा एखाद्या देशात आर्थिक जीव अडकला आहे, त्याने त्या देशातल्या बंडखोराला बोलावलं की संशय येणारच, विद्यापीठाचं मन कितीही स्वच्छ असो. आपली कॉलेजं परदेशी सरकारांशी सामंजस्य करार करतात, शिष्यवृत्तीचे कोटे घेतात. त्या देशातला एखादा विद्यार्थी उद्या अडचणीत आला तर आपण कुणाच्या बाजूने बोलू, हे करारावर सही करतानाच ठरवावं लागेल.

कोहेन सप्टेंबर २०२५मध्ये गेले, वयाच्या ९५व्या वर्षी.

पुण्याकडे

परदेशी विद्यार्थ्यांचं दुःख पुण्याला नवीन नाही. फर्ग्युसनच्या वसतिगृहाचे रेक्टर असताना शां. ब. मुजुमदार यांनी कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका मुलाला खिडकीतून जेवण दिलं जाताना पाहिलं, आणि त्या अस्वस्थतेतून १९७१मध्ये सिंबायोसिसची सुरुवात झाली, ही गोष्ट पुण्यात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. आजारी मुलाला डबा देणारं कुणीतरी हवं, इतकी ती साधी होती. माझं म्हणणं एवढंच की तो डबा पदवीनंतरही थांबू नये. मुलीला माहेर लागतं ते लग्नानंतरच.

आमच्या कक्षात आम्ही काय बदललं, तेवढं सांगते. फॉर्मवरचा पुण्याचा नंबर ठेवला, पण त्याखाली दोन रकाने वाढवले: घरातल्या कुणाचा तरी तिथला नंबर, आणि त्याच देशातल्या आमच्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं नाव, जो त्याला ओळखतो. फोटो लावायचा तर लेखी संमती, आणि काढायचा पासवर्ड दोघांकडे. ट्रान्स्क्रिप्ट आणि बोनाफाइड परदेशातून मागितलं तर स्वतः येण्याची अट काढली. वर्षातून दोनदा मी एकेकाला फोन करते, कामाशिवाय.

शेवटच्या वर्षाच्या एका अफगाण मुलाने घरच्या नंबरच्या रकान्यात आजीचा नंबर लिहिला. आई-वडील कुठे असतील याचा त्याला भरवसा नव्हता, आजी मात्र हेरातमधलं घर सोडणार नाही म्हणाला. आजींना फक्त दरी ही अफगाणिस्तानातली भाषा येते. आमच्या कक्षात दरी येणारं कुणी नाही. म्हणून दर शनिवारी दुपारी तो मुलगा माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढतो आणि मला शिकवतो. आकडे येतात, ‘तुमचा नातू ठीक आहे’ एवढं म्हणता येतं. पुढच्या शनिवारी ‘तुम्ही कशा आहात’ याचं उत्तर समजायला शिकायचं आहे.